गोधडीचे चौकोन जुळत नाहीत? आधी टेबलाखाली वाकून बघा

पाच-सहा ओळी जोडेपर्यंत सगळं बरं चालतं. मग एका ओळीतला शेवटचा चौकोन शेजारच्या ओळीच्या बाहेर डोकवायला लागतो. आधी एखादं सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मग दोन सूत. दहाव्या ओळीपर्यंत चौकोनांचे कोपरे एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले असतात. उसवा, इस्त्री करा, पुन्हा जोडा. पुढच्या गोधडीला पुन्हा तेच.

माझ्या सलग चार गोधड्यांना हे झालं. मी कापड कापायच्या फिरत्या कटरचं पातं बदललं, मशीन दुरुस्तीला दिली, कापड बदललं. दुखणाऱ्या कमरेसाठी बाम लावत होते, तो वेगळाच. दोष माझ्या हातात आहे असं मी धरूनच चालले होते. तो होता टेबलात. चौकोनांच्या गोधड्या, दुपटी किंवा क्विल्ट शिवणाऱ्या ज्या बायका मला हीच अडचण सांगतात, त्यांना मी आता पहिला प्रश्न विचारते: कापता कशावर?

आमच्या आजीला टेबल कधीच लागलं नाही, हे खरं. ती जमिनीवर नऊवारी अंथरायची, त्यावर जुन्या साड्या-धोतरांचे थर लावायची आणि मांडी घालून धावदोरा घालत बसायची. पण तिचे तुकडे सरळ का असायचे, हे मला फार उशिरा उमगलं. ती कापायची नाही, फाडायची. कडेला कात्रीने चीर द्यायची आणि टर्रकन ओढायची. विणलेलं सुती कापड फाटतं ते धाग्याच्या रेषेतच. शिवाय तिच्या गोधडीत कोपऱ्याला कोपरा भिडलाच पाहिजे असा हट्ट नव्हता. आपण साडेपाच इंचाचे एकशे ऐंशी चौकोन कापतो आणि ते सगळे सारखे हवेत म्हणतो, तेव्हा खालचा पाट सपाट असणं भाग आहे.

हिशोब करून बघा. 12 चौकोनांची एक ओळ. प्रत्येक चौकोन फक्त एक मिलिमीटर मोठा कापला गेला, तर ओळ 12 मिलिमीटरने लांब होते. म्हणजे जवळजवळ अर्धा इंच. एक मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. अर्धा इंच मात्र पलंगावर अंथरलेल्या गोधडीत दारातून दिसतो.

आधी निदान

काहीही विकत घ्यायच्या आधी एक तास या चाचण्यांना द्या. सामान काय लागतं, तर सुतळी, पाण्याचा पेला आणि टाकाऊ सुती कापड.

पहिली चाचणी चळतीची. टेबलाच्या डाव्या टोकाला दहा चौकोन कापा, मध्यभागी दहा, उजव्या टोकाला दहा. मापाची पट्टी तीच, पातं तेच, कापड तेच. प्रत्येक दहाची चळत एक कोपरा जुळवून ठेवा आणि समोरचा कोपरा बघा. माझ्या दोन्ही टोकांच्या चळती वडीसारख्या नीट होत्या. मधली चळत जिन्यासारखी दिसत होती. माझा हात तर तिन्ही ठिकाणी तोच होता.

दुसरी सुतळीची. दोघांनी मिळून सुतळी टेबलाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत ताणून धरायची. ती दोन्ही टोकांना पृष्ठभागाला टेकलेली हवी. मधे फट दिसली तर फळीला झोळ आहे. माझ्याकडे फटीत रुपयाची नाणी सरकवली तर तीन सहज मावली. सुतळी मधे टेकून टोकं उचलली जात असतील तर फळी वर फुगली आहे. ओल धरलेल्या फळीचं असं होतं.

झोळामुळे माप का चुकतं? चोवीस इंची पट्टी झोळावर पुलासारखी बसते. दोन्ही टोकं टेकतात आणि मधल्या कापडावर दाब येत नाही. तुम्ही मधे दाबता तेव्हा पट्टी किंचित लवते आणि सरकते. शिवाय तिथे पातं पूर्ण टेकत नाही, दोन-चार धागे तसेच राहतात. मग आपण दुसऱ्यांदा कटर फिरवतो, आणि तोवर कापड हललेलं असतं.

तिसरी पेल्याची. पेला काठोकाठ भरून टेबलाच्या एका कोपऱ्यावर ठेवा आणि दुसऱ्या टोकाला कापायला घ्या. पाणी हिंदकळलं तर टेबल डुगडुगतंय. आपल्याला हातात जाणवत नाही, कारण आपण त्याच्याबरोबर हलत असतो.

चौथी मला सगळ्यात आवडते, कारण तिला फक्त मोजपट्टी लागते. कटर मधेमधे धागे सोडत असेल तर सुटलेल्या जागांमधलं अंतर मोजा. नेहमीच्या 45 मिलिमीटरच्या पात्याचा परीघ साधारण 14 सेंटिमीटर भरतो. दर 14 सेंटिमीटरवर धागे सुटत असतील तर पात्याला खोच पडली आहे. बहुतेक कधीतरी ते टाचणीवरून गेलंय. 28 मिलिमीटरच्या लहान पात्याला हेच अंतर 9 सेंटिमीटरच्या आसपास येतं, 60 च्या मोठ्याला 19 च्या. कापड सरकवूनही मॅटच्या, म्हणजे कटरखाली घालतात त्या चटईच्या, त्याच रेघेवर धागे सुटत असतील तर मॅटला खोबण पडली आहे. आणि टेबलाच्या मध्यावरच सुटत असतील तर झोळ. मी या अंतराकडे न बघता तीन पाती बदलली होती.

उंची

जेवणाचं टेबल जमिनीपासून साधारण 75 सेंटिमीटर असतं. ते बसून जेवण्यासाठी बनवलेलं आहे. त्यावर उभ्याने कापायचं तर कमरेतून वाकावं लागतं. वाकलं की हाताचा जोर खाली न जाता पुढे जातो आणि पट्टीला ढकलतो. कंबर दुखते आणि पट्टी सरकते, या दोन तक्रारींचं मूळ एकच.

घरात जशा वावरता तशा अनवाणी किंवा चप्पल घालून सरळ उभ्या राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत कुणाला तरी मोजायला सांगा. त्यातून 8 ते 10 सेंटिमीटर वजा करा. ती तुमची उंची. माझं कोपर 97 वर येतं, म्हणून टेबल 88. दुसऱ्या कुणाचा आकडा उचलू नका. माझी जाऊ माझ्यापेक्षा चांगली उंच आहे, माझ्या टेबलावर तिला दहा मिनिटंही उभं राहवत नाही.

स्वयंपाकाचा ओटा बहुतेक घरांत या उंचीच्या जवळ असतो. ग्रॅनाइटचा असेल तर सपाटही असतो, डुगडुगण्याचा तर प्रश्नच नाही. ज्यांना आत्ता काहीच खर्च करायचा नाही त्यांनी दुपारी ओटा कोरडा पुसून, त्यावर मॅट टाकून कापून बघावं. चौकोन तिथे बरोबर आले तर टेबलाचाच दोष होता हे पक्कं समजा. मात्र मॅट टाकायची ती शेगडी थंड झाल्यावर आणि शेगडीपासून लांब.

जेवणाचंच टेबल वापरायचं असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे द्या. चारही ठोकळे एकाच वाशातून एका मापाने कापून घ्या. त्यात पायाचं टोक बसेल असा बोटभर खड्डा सुताराकडून करून घ्या, म्हणजे पाय घसरणार नाही. विटा ठेवू नका, वीट विटेसारखी नसते.

मी काय केलं

माझं जुनं टेबल म्हणजे दोन लोखंडी मांडण्या, त्यांच्यामध्ये चार फुटांचं अंतर आणि वर 12 मिलिमीटरचा प्लाय. त्यावर शिलाई मशीनही कायमची ठेवलेली. पेठेतल्या एका सुताराला दाखवलं. त्यांनी वर बघितलंच नाही, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "ताई, फळीला काही झालं नाही. तिला मधे आधारच नाही, ती बिचारी काय करणार?"

नवं टेबल भोकं असलेल्या लोखंडी अँगलचं केलं, दुकानांत ज्याच्या मांडण्या करतात तो. हा अँगल फुटावर मिळतो, दुकानदार मापाने कापून देतो, पाना असला की घरी जोडता येतो आणि घर बदललं तर सोडवून नेता येतो. पुण्यात मी तो रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणला. 5 फूट बाय 3 फुटाच्या टेबलाला पाय 12 फूट, वरची चौकट 16, खाली फळीची चौकट 16, वर मधले दोन आडवे आधार 6 आणि मागच्या बाजूला एक तिरका आधार 6, असे मिळून 56 फूट लागले. यातला तिरका आधार गाळायचा मोह प्रत्येकाला होतो, कारण तो नसतानाही टेबल उभं राहतं. उभं राहतं, पण पेल्यातलं पाणी हिंदकळतं. प्रत्येक कोपऱ्याला त्रिकोणी पत्रा बसवा आणि पायांना रबरी बूट घाला.

नट शेवटचे आवळण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. कमी-जास्त असतील तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांना दाबून चौकट सारखी करा आणि मगच आवळा.

मापाबद्दल थोडं थांबून बोलते. 44 इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड दुमडलं की 22 इंच होतं. बाजारात मिळणारी ए-वन आकाराची मॅट 60 बाय 90 सेंटिमीटर, म्हणजे साधारण 24 बाय 36 इंच असते. दुमडलेला पन्हा तिच्या रुंदीत बरोबर बसतो. म्हणून टेबल 3 फूट रुंद. टेबलाभोवती फिरता येत नसेल, ते भिंतीलाच लावायचं असेल, तर रुंदी अडीच फुटांवर ठेवा. त्यापुढे हात पोचवायला पोटावर रेलावं लागतं, आणि रेललेल्या हाताने सरळ कापलं जात नाही.

वरची फळी 19 मिलिमीटरची. प्लायचा अख्खा ताव 8 बाय 4 फुटांचा असतो. वखारीत त्याचे तुकडे असे करून घेतले: 5 बाय 3 टेबलाला, 5 बाय 1 खालच्या फळीला आणि उरलेला 3 बाय 4 इस्त्रीच्या पाटाला. ताव पूर्ण संपला, भुसा तेवढा वाया गेला. आयएस 710 शिक्क्याचा, पाण्यात टिकणारा मरीन प्लाय घरातल्या टेबलाला लागत नाही. आयएस 303 चा साधा पुरतो, फक्त त्याच्या कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात द्या. पावसाळ्यात ओल आत शिरते ती कडेतूनच. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर भुशाच्या दाबून केलेल्या बोर्डाच्या वाटेला जाऊ नका. त्याची कड एकदा फुगली की परत बसत नाही.

याहून स्वस्त हवं असेल तर जुनं फ्लश दार शोधा. घरं पाडतात तिथली दारं भंगारवाल्यांकडे येतात. दार 30 मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, त्यामुळे लवकर झोळ धरत नाही. कडीची भोकं टेबलाच्या एका कडेला जातात, तिथे मॅट नसतेच. घेताना दुकानातच सुतळी लावून बघा. पाणी लागलेलं दार पिळलेलं असतं आणि ते कुणालाही सरळ करता येत नाही.

खालच्या फळीवर कापडाचे गठ्ठे ठेवले. जागा तर झालीच, पण त्या वजनामुळे टेबल जास्त घट्ट बसलं. पेल्यातलं पाणी आता हलत नाही.

मॅट, पट्टी आणि कटर

फिरत्या पात्याचा कटर म्हणजे शंकरपाळ्यांच्या कातण्याचा धारदार भाऊ. ओल्फा या जपानी कंपनीने तो 1979 साली बाजारात आणला. मॅट नसेल तर हा कटर घेऊ नका. लाकडावर, सनमायकावर किंवा काचेवर चालवला तर पातं लगेच जातं. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ते मॅटवर घाला. टेबलात बचत करता येते, मॅटमध्ये नाही. तोवर मोठी कात्री, शिंप्याचा खडू आणि आजीसारखं फाडणं यावर उत्तम काम होतं.

मॅटचा शत्रू उष्णता. माझी पहिली मॅट पश्चिमेच्या खिडकीत, एप्रिलच्या उन्हात तिरकी उभी राहिली होती आणि संध्याकाळपर्यंत तिची पन्हळ झाली. तीच मॅट मी नंतर गच्चीतल्या सपाट फरशीवर दुपारच्या उन्हात आडवी ठेवली. मऊ झाल्यावर घरातल्या फरशीवर आणून, वर प्लाय आणि त्यावर तांदळाचा डबा ठेवून रात्रभर दाबली. बऱ्यापैकी सरळ झाली, पूर्वीसारखी नाही. मॅटवर इस्त्री कधीच फिरवू नका, गरम चहाचा कपही ठेवू नका. मॅट टेबलावर सरकत असेल तर कपाटाच्या फळ्यांवर घालतात ती जाळीदार रबरी शीट खाली घाला.

पट्टी कापडावरून सरकत असेल तर तिच्या खालच्या बाजूला बारीक पॉलिश पेपरचे नखाएवढे तुकडे चिकटवा, पेपरची खरखरीत बाजू कापडाकडे. ॲक्रिलिकची पट्टी जाड असते, त्यामुळे तिरकं बघितलं तर रेघ हललेली दिसते. छापलेली बाजू कापडाकडे ठेवा आणि डोळा रेघेच्या बरोबर वर आणा. एका गोधडीला एकच पट्टी. मॅटवरची मापं आणि पट्टीवरची मापं यांत केसाचा फरक असतो; दोन्ही आलटून-पालटून वापरलीत तर तो फरक गोधडीत उतरतो.

उजेडाबद्दल एवढंच की ट्यूब डोक्याच्या मागे असेल तर तुमचीच सावली पट्टीच्या कडेवर पडते. उजव्या हाताने कापत असाल तर उजेड समोरून डावीकडून यावा, डावखुऱ्यांना उजवीकडून. मी ट्यूब छतावरून काढून समोरच्या भिंतीवर घेतली आणि रेघ चुकणं निम्म्याने थांबलं.

टेबल सुधारूनही कापडाच्या पट्ट्या वाकड्या येत असतील

कापडाची लांब पट्टी उलगडल्यावर मधे कोपरासारखी वाकलेली दिसली तर तो दोष घडीचा आहे. घडीची रेघ आणि कापायची रेघ काटकोनात नव्हत्या. काठाला काठ जुळवून कापड हातात उचला, घडी खाली मोकळी लोंबू द्या. पीळ दिसला तर एक काठ थोडा डावी-उजवीकडे सरकवा, घडी सरळ पडेपर्यंत. मग सुताराचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, घडीला लावून पहिला काप घ्या. चार पदरी घडी केलीत तर वाकही दोन-तीन ठिकाणी येतो, म्हणून सुरुवातीला दोन पदरीच कापा. दर चार-पाच पट्ट्यांनंतर गुण्या पुन्हा लावा.

कापड आधी धुऊन, आटवून आणि इस्त्री करून घ्या. मऊ पडलेल्या जुन्या साडीला खळ द्या. कडक झालेलं कापड पट्टीखाली पळत नाही. उरेब, म्हणजे धाग्याला तिरका गेलेला काप हातात धरला की ताणतो, असा तुकडा उचलताना हलक्या हाताने उचला.

संपूर्ण गोधडीचे थर लावायला हे टेबल पुरत नाही. साठ बाय पंच्याहत्तर इंच त्यावर मावणार नाहीत. अस्तर, मधला थर आणि वरची बाजू मी मध्यापासून सुरू करते. टेबलाच्या कडांना कागदाचे मोठे काळे चिमटे लावते, मधले कच्चे टाके घालते, मग सरकवून पुढचा भाग घेते. गुडघे चांगले असतील तर जमिनीवर आजीची पद्धत अजूनही सगळ्यात सोपी.

पावसाळा संपला की नट एकदा आवळा आणि सुतळी पुन्हा लावा. मग तीन चळतींची चाचणी परत करा. तिन्ही चळती सारख्या आल्या आणि तरीही ओळी जुळत नसतील, तर टेबलाला सोडा आणि मशीनकडे वळा. दोन चौकोन जोडा, शिवण एका बाजूला इस्त्री करा आणि मोजा. साडेपाच इंचाचे दोन चौकोन पाव इंचाच्या शिवणीने जोडल्यावर बरोबर साडेदहा इंच भरले पाहिजेत. कमी भरले तर शिवण जाड पडते आहे. सुई मॅटच्या पाव इंचाच्या रेघेवर नाही, पट्टीच्या पाव इंचाच्या रेघेवर टेकवून बघा, आणि पट्टीची कड जिथे येईल तिथे मशीनवर चिकटपट्टी लावा. कापडाची कड त्या चिकटपट्टीला लावून शिवायचं.